मूळ नोंदीपर्यंत : स्थानिक पुस्तकासाठी संदर्भ कसे निवडावे, तपासावे आणि द्यावे

पुस्तकातील प्रत्येक विधानामागे कोणीतरी पाहिलेले, मोजलेले किंवा लिहून ठेवलेले काहीतरी असावे लागते. ज्यात ते सापडते त्याला साधन म्हणतात. साधन कागदपत्र असेल, शिलालेख असेल, जनगणनेचा तक्ता असेल किंवा रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या वृद्ध मच्छीमाराची आठवणही असेल. लेखकाच्या हस्तलिखितातील विधाने साधनांशी ताडून पाहणे आणि वाचकालाही ती ताडता येतील अशा रीतीने साधनांचा उल्लेख करणे, ही प्रकाशकाची जबाबदारी आहे. तालुक्याचा इतिहास, किल्ल्याची माहितीपुस्तिका, शाळेची स्मरणिका किंवा दिवाळी अंकातील लेख अशा स्थानिक प्रकाशनांत ही जबाबदारी अधिक असते. त्या गावावरचे दुसरे पुस्तक पुष्कळदा उपलब्धच नसते आणि पुढच्या पिढ्या त्याच पुस्तकाला प्रमाण मानतात.

विजयदुर्ग आणि हेलियम

पडताळणी का करावी आणि कशी करावी, हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबांचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच ठिकाणाहून निरीक्षण केले आणि हेलियमचा शोध लावला, असे अनेक लेखांत आणि पुस्तिकांत छापलेले असते. विधान एकच असले तरी त्यात तपासण्याजोग्या चार गोष्टी आहेत: तारीख, जागा, व्यक्ती आणि घटना.

पैकी तारीख बरोबर आहे. त्या दिवशी खग्रास ग्रहण झाले आणि त्याचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून मछलीपट्टणमच्या दिशेने गेला. निरीक्षकांच्या नोंदीही उपलब्ध आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला आणि नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. लंडनच्या युद्ध खात्यात ते नोकरी करीत आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करीत. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरील ज्वाला पाहिल्या. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. त्या रेषेवरून सूर्यावर एक नवे मूलद्रव्य असावे असा तर्क पुढे आला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हेलियम सापडले ते १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना.

मग विजयदुर्गाशी लॉकियर यांचे नाव जोडले गेले ते का? २२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून आणखी एक खग्रास ग्रहण दिसले आणि त्या वेळी लॉकियर यांची मोहीम खरोखरच विजयदुर्गावर आली होती. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. मोहिमेचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या कामकाजात छापला गेला. पुण्याचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांनी तेच ग्रहण जेऊर येथून पाहिले. एक शास्त्रज्ञ, एक विषय आणि दोन ग्रहणे यांची सांगड घालताना तीस वर्षांचे अंतर गळून पडले आणि दोन घटनांची एक घटना झाली.

या उदाहरणातून पडताळणीचे तीन नियम मिळतात. पहिला, संयुक्त विधान सुटे करून त्याचा प्रत्येक भाग वेगळा तपासावा. दुसरा, एकच गोष्ट दहा ठिकाणी छापलेली दिसली म्हणून तिला दहा पुरावे आहेत असे समजू नये. दहाही जणांनी एकाच लेखावरून उतरवून घेतले असेल, तर पुरावा एकच. तिसरा नियम असा की चुकीच्या परंपरेतही खऱ्याचा अंश असू शकतो, म्हणून ती फेकून न देता तिचा उगम शोधावा. विजयदुर्गाच्या बाबतीत उगम शोधल्याने किल्ल्याचे महत्त्व कमी होत नाही. सूर्याच्या अभ्यासातील एका महत्त्वाच्या मोहिमेचे ते ठिकाण होते, ही गोष्ट पुराव्यानिशी सांगता येते.

कोणत्या प्रश्नाला कोणते साधन

साधनाची विश्वसनीयता नेहमी एखाद्या प्रश्नाच्या संदर्भात ठरते. साधन घटनेच्या किती जवळचे आहे, लिहिणाऱ्याला ती गोष्ट कळण्याची सोय होती का, आणि ती एका विशिष्ट रीतीने सांगण्यात त्याचा हेतू होता का, हे तीन प्रश्न प्रत्येक साधनाला विचारावेत. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली, म्हणजे शिवाजी महाराजांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. दोन्ही बखरी उपयोगी आहेत, पण सतराव्या शतकातील घटनेसाठी दोन्हींचे वजन सारखे धरता येत नाही. तसेच बखर आश्रयदात्यासाठी लिहिली जाते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याचे पत्र वरिष्ठांसाठी. दोन्हींत सांगणाऱ्याचा कल असतो. साधनांची ही छाननी मराठीत शास्त्र म्हणून मांडणारा ‘साधन-चिकित्सा’ हा वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ १९२८ चा आहे. त्याआधी वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मूळ कागद छापून वाचकासमोर ठेवण्याची परंपरा मराठीत जुनी आहे.

मालवण किनाऱ्याविषयी लिहिणाऱ्यांना साधने एका जागी मिळत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण दीर्घकाळ कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते, त्यामुळे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहावे लागते. ब्रिटिश अमलाचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, पेशवे दफ्तर पुण्याला आहे आणि पोर्तुगिजांशी संबंधित कागद पणजीच्या गोवा पुराभिलेखागारात आहेत. १८८० चे रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर आरंभासाठी उत्तम आहे, पण ते संकलन आहे. त्यातील सिंधुदुर्गाच्या १६६४ च्या पायाभरणीविषयीचे विधान दोनशे वर्षांनंतरचे, तर १८८० मधल्या बंदरांविषयीचे विधान त्या काळचे. एकाच ग्रंथातील दोन विधानांचे वजन असे वेगळे असू शकते.

मराठी विश्वकोशासारखा संदर्भग्रंथ विषयात शिरण्याची वाट म्हणून वापरावा. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींना संदर्भही जोडलेले असतात. ते संदर्भ उघडून पुढे जावे. इंटरनेटवरील मुक्त कोशांनाही तीच रीत लावावी. वर्तमानपत्राने मुक्त कोशातून माहिती घेतली आणि नंतर कोशाने त्याच बातमीचा आधार दिला, तर साधनांचे वर्तुळ तयार होते. त्यात मूळ नोंद कुठेच नसते.

चालू माहितीसाठी ती गोष्ट ठरवणाऱ्या संस्थेचा दस्तऐवज पाहावा. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा यादीत घेतली. या भूदृश्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग धरून बारा किल्ले आहेत. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. ‘महाराष्ट्रातील बारा किल्ले’ असे वाक्य हस्तलिखितात आले तर यादी उघडताच चूक कळते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही अशीच तपासावी लागते. ही तारीख पंचांगातल्या तिथीला बांधलेली नाही. गावाच्या रीतीप्रमाणे दरवर्षी देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेवरून ती छापणाऱ्याची चूक हमखास होते.

तारखा

ऐतिहासिक लेखनात सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. जुन्या मराठी कागदांत शक, महिना, पक्ष आणि तिथी असते. शकात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण शकवर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला तो मुहूर्त शके १५८६, मार्गशीर्ष वद्य द्वितीया असा दिला जातो. येथे ७८ मिळवून १६६४ हे वर्ष येते. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा दिलेला आहे. येथे ७९ मिळवावे लागतात आणि १६३० येते. ७८ मिळवणारा एक वर्षाने चुकतो.

दुसरी अडचण दिनदर्शिकांची आहे. किल्ल्याच्या पायाभरणीसाठी छापली जाणारी २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस ५ डिसेंबर येतो. १९ फेब्रुवारी १६३० हीदेखील ज्युलियन तारीख असून ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च आहे. सतराव्या शतकात दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत वापरली, तर पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवी स्वीकारली. म्हणून एकाच घटनेविषयीच्या मुंबईच्या आणि गोव्याच्या पत्रांत दहा दिवसांचा फरक दिसला, तर कोणाला तरी खोटे ठरवण्यापूर्वी पद्धत पाहावी. पुस्तकात मूळ तिथी द्यावी, तिच्यापुढे इसवी तारीख द्यावी आणि कोणती पद्धत वापरली ते प्रस्तावनेत एकदा सांगावे.

नावे आणि सीमा

जुन्या कागदांत आजची गावे वेगळ्या नावांनी येतात. इंग्रजी साधनांत विजयदुर्ग ‘घेरिया’ म्हणून भेटतो. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतल्यावर त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. ही नावे माहीत नसली तर कागद समोर असूनही सापडत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी जुन्या-नव्या नावांचा तक्ता करून तो लेखक, संपादक आणि मुद्रितशोधक या तिघांकडे ठेवावा.

नामसाधर्म्याचा धोका याहून मोठा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेणाऱ्या आरमाराचे नेतृत्व ॲडमिरल चार्ल्स वॉटसन यांनी केले. १७६५ मध्ये सिंधुदुर्गावर मेजर गॉर्डन यांच्याबरोबर आलेले कॅप्टन वॉटसन वेगळे होते. ॲडमिरल वॉटसन १७५७ मध्येच कलकत्त्यात वारले. व्यक्तीच्या नावासमोर तिचे मृत्युवर्ष लिहून ठेवले तरी अशा चुका मुद्रणापूर्वी उघड होतात.

सीमांचीही नोंद ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होते आणि दोडामार्ग तालुका नंतर सावंतवाडीतून निघाला. १९५१ च्या जनगणनेत ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ नव्हता. त्या वर्षाची जिल्ह्याची लोकसंख्या कोणी देत असेल, तर ती रत्नागिरीच्या कोणत्या तालुक्यांची बेरीज आहे हे तळटिपेत यायला हवे. आकडा नेहमी वर्ष आणि संस्था यांच्यासह द्यावा. जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ आणि २०११ मध्ये ८,४९,६५१ होती. वर्ष गाळले तर दोन्ही आकडे निरुपयोगी होतात आणि दोन्ही वर्षांसह दिले तर लोकसंख्या घटल्याची महत्त्वाची गोष्ट वाचकाला कळते. सिंधुदुर्ग किल्ल्याला किती कामगार लागले, पायात किती शिसे ओतले, किती होन खर्च झाले, अशा आकड्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. मूळ नोंद मिळत नसेल, तर आकडा न देता पायात शिसे वापरल्याची परंपरा तेवढी सांगावी.

तोंडी माहिती

किनाऱ्यावरील पुष्कळसे ज्ञान कागदावर आलेलेच नाही. रापणीची वाटणी कशी होते, कोणत्या वाऱ्यात होडी बाहेर काढत नाहीत, कोणत्या खडकाला काय म्हणतात, दशावताराच्या कोणत्या कंपनीत कोण होते, हे सांगणारी माणसे हेच तेथील साधन असते. त्याला कागदाइतकीच शिस्त लावावी. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, व्यवसाय आणि भेटीची तारीख लिहावी. ध्वनिमुद्रण करावे आणि छापण्याची परवानगी घ्यावी. त्याने स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले यांत फरक करावा. ‘आमच्या आज्यान बघलेला’ हे वाक्य आजोबांच्या आठवणीचे साधन आहे, पण ते नातवाच्या तोंडून आलेले असते. एकाच घटनेविषयी दोन वाड्यांतील, शक्य तर दोन समाजांतील माणसांशी बोलावे. मालवणी वाक्य प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नये. जसे बोलले तसे छापावे आणि गरज असेल तर अर्थ द्यावा, कारण शब्द बदलला की साक्ष बदलते. माशांची नावे गावागणिक बदलतात, म्हणून स्थानिक नावाबरोबर मत्स्यविज्ञानाच्या पुस्तकातून ताडलेले शास्त्रीय नाव द्यावे.

चित्रे, लिप्यंतर आणि हक्क

चित्र हेही विधानच आहे. एकेकाळी इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र पुढे आणून ती चूक दुरुस्त केली. प्रत्येक चित्राखाली ते कोणाचे, कोठले, केव्हाचे आणि कोणाच्या संग्रहातले, या चार गोष्टी असाव्यात.

मोडी कागदाचे लिप्यंतर छापताना मूळ कागदाचे छायाचित्रही जपावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे गावांची आणि माणसांची नावे दोन तऱ्हांनी वाचता येतात. दुसऱ्या जाणकाराकडून वाचन करून घ्यावे आणि जेथे मतभेद राहील तेथे दोन्ही वाचने द्यावीत.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क असतो. संदर्भ दिला म्हणजे परवानगी घेतली असे होत नाही. मोठा उतारा, नकाशा किंवा छायाचित्र घेताना हक्कधारकाची लेखी संमती लागते.

संदर्भ देण्याची रीत

सर्वमान्य गोष्टीला संदर्भ लागत नाही. मालवण समुद्रकाठी आहे, याला टीप नको. तारीख, आकडा, अवतरण, वादग्रस्त विधान आणि दुसऱ्याचे निष्कर्ष यांना संदर्भ द्यावाच. ग्रंथासाठी लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती आणि पृष्ठ द्यावे. पृष्ठाशिवायचा संदर्भ वाचकाला संपूर्ण ग्रंथ वाचायला लावतो. पुराभिलेखातील कागदासाठी संग्रहाचे ठिकाण, दफ्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक हवा. वर्तमानपत्रासाठी तारखेबरोबर आवृत्तीही लिहावी, कारण सिंधुदुर्ग आवृत्तीतले पान पुण्याच्या अंकात नसते. संकेतस्थळाची माहिती बदलते, म्हणून ती पाहिल्याची तारीख द्यावी आणि पानाची प्रत जतन करावी. लागोपाठच्या टिपांत तोच ग्रंथ आला तर ‘तत्रैव’ लिहावे, पण मध्ये दुसरी टीप घुसल्यास हा शब्द भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो. शेवटच्या मुद्रितानंतर प्रत्येक ‘तत्रैव’ पुन्हा तपासावे.

मूळ कागद न पाहता दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकातून माहिती घेतली असेल, तर तसे सांगावे. टिपेत मूळ कागदाचे नाव घालून मधला ग्रंथ लपवणे हे फसवणुकीसारखे आहे. त्यात मधल्या लेखकाचे श्रेय जाते आणि त्याची चूकही नव्या लेखकाच्या माथी येते.

वाक्याचे क्रियापदही पुराव्याला साजेसे असावे. मूळ साधनाने सिद्ध झालेल्या गोष्टीला ‘आहे’ किंवा ‘झाले’ शोभते. एकाच साधनात असेल तर ‘अशी नोंद आहे’ म्हणावे आणि परंपरा असेल तर ‘असे मालवणात सांगतात’ असे म्हणावे. नुसते ‘असे म्हटले जाते’ हे अपुरे आहे. कोण म्हणते, कोठे म्हणते, हे लिहिले की तेही साधन होते.

छपाईपूर्वी आणि छपाईनंतर

हस्तलिखित आले की संपादकाने समासात प्रत्येक तपासणीयोग्य विधानाला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे लेखकाकडून साधन मागावे. नंतर लेखकाखेरीज दुसऱ्या माणसाने साधन उघडून शब्दाला शब्द ताडावा. स्वतः लिहिलेले तपासताना डोळे जे असायला हवे तेच वाचतात, म्हणून हे काम लेखकावर सोपवू नये. वेळ कमी असेल, तर आधी नावे, तारखा, आकडे आणि अवतरणे घ्यावीत, कारण चुका तेथेच दाटलेल्या असतात. लेखक आणि तपासनीस यांचे मत जुळले नाही, तर विधान मवाळ करावे किंवा काढावे. साधनांच्या प्रतींची फाईल पुस्तक संपल्यावरही जपावी, कारण पुढच्या आवृत्तीला आणि आक्षेपाला तीच उत्तर देते.

इतके करूनही चुका राहतात. छपाईनंतर लक्षात आलेल्या चुकांचे शुद्धिपत्र काढून उरलेल्या प्रतींत घालावे आणि पुढील आवृत्तीत मजकूर दुरुस्त करून प्रस्तावनेत ती दुरुस्ती नोंदवावी. पुस्तक ज्या ग्रंथालयांत गेले असेल, मग ते सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर असो वा गावचे छोटे वाचनालय, तेथेही शुद्धिपत्राची प्रत पाठवावी. पुढचा लेखक तेथूनच माहिती उचलणार असतो आणि दुरुस्ती त्याच्या हाती पडली, तर चूक पुढे जात नाही.